वजा तीन

कीबोर्ड वाजवणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. यातून सगळी वाद्यं वाजतात का, आणि वाजत असतील तर बाकीच्या वादकांची गरज काय. पहिल्याला मी हो म्हणते आणि दुसऱ्याला नुसती हसते. दुसऱ्याचं खरं उत्तर द्यायला बसले तर समोरचा चहा अर्धा टाकून निघून जाईल, इतका तो प्रश्न माझ्या डोक्यात जातो.

घरातली मागची खोली हा माझा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या आणि रजया ठोकल्यात, म्हणजे आवाज घुमत नाही आणि शेजारच्या बाई भांडायला येत नाहीत. मधोमध दोन मजली स्टँड आहे. खालच्या मजल्यावर पियानोसारख्या जड पट्ट्यांचा मोठा कीबोर्ड. तो उचलायला दोन माणसं लागतात आणि त्यातलं एक माणूस नेहमी भावजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, असतात. वरच्या मजल्यावर सिंथेसायझर. त्याच्यावर एवढी बटणं आहेत की भावजी त्याला विमान म्हणतात. खाली जमिनीवर वायरींचं जंगल, त्यात माझा पायाचा पेडल, आणि कोपऱ्यात कपाटाच्या दारावर टांगलेला ताईचा माइक.

इतकी वर्षं हा धंदा करूनही एक गोष्ट मला अजून जुनी झालेली नाही. सिंथेसायझरवर एकच सूर दाबून धरायचा, साधा, थोडासा टोचणारा, आणि एक बटण हळूहळू फिरवत न्यायचं. आवाज उघडत जातो. आधी भिंतीपलीकडून आल्यासारखा, मग खोलीत, मग थेट छातीत. आत काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, समजावूनही सांगता येईल. तरी दर वेळी अंगावर काटा येतो. देवळात जाणारी मी नाही, पण माणसं तिथे का जातात ते मला या बटणापाशी कळतं.

आणि ताईचा गळा म्हणजे तर असं बटण, जे कुणी बसवलेलं नव्हतं.

आम्ही दोघीच कार्यक्रम करायचो. ती गायची, मी वाजवायचे, तालाला मशीन. ती माझ्याहून मोठी आहे आणि हे ती मला विसरू देत नाही. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी मला "छोटे" म्हणते, तेसुद्धा स्टेजवर, माइक चालू असताना. तिची पट्टी काळी पाच. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कीबोर्डवर दर सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात, आणि गाणाऱ्याचा सा ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. काळी पाच ही बाईच्या गळ्यालाही उंच पडते. तिथे सा धरायचा आणि मग त्याच्याही वर चढत जायचं, हे सगळ्यांना झेपत नाही. ताईला झेपायचं, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. वय वाढलं की बऱ्याच गायिका पट्टी एक-दोन पायऱ्या खाली आणतात. त्यात काही गैर नाही. पण ताई अशांची यथेच्छ टिंगल करायची. म्हणायची, गाणं तळघरात नेऊन ठेवलंय बाईंनी.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधीच होती, पण काढावी लागली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की वरच्या सुरांची नस तिथूनच जाते, ती दुखावली तर बोलणं नीट होईल पण उंच सूर जातील. काहींचे वर्षभरात परत येतात, काहींचे येत नाहीत. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे ती कुजबुजतच बोलत होती. भावजी म्हणायचे की घरात एवढी शांतता त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवली. ते हसवायला म्हणायचे, पण नंतर गॅलरीत जाऊन उगाच कुंड्यांना पाणी घालत बसायचे. आधीच चिखल झालेल्या कुंड्यांना.

बोलणं परत आलं तेव्हा ताई माझ्या स्टुडिओत आली. त्या दिवशी तिने मला जे सांगितलं ते सरळ होतं. आपल्या गावातल्या मोठ्या सभागृहाचा कार्यक्रम तिने स्वीकारला होता. तोपर्यंत तिची पट्टी परत आली तर ती गाणार. नाही आली तर पुन्हा स्टेजवर पाय ठेवणार नाही, घरातसुद्धा गुणगुणणार नाही.

"खालच्या पट्टीत गाणारी बाई मी नाही," ती म्हणाली. "ती दुसरीच कुणीतरी असेल. तिला मी ओळखत नाही."

मी म्हटलं, बरं. ताईशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी वाद घालणं, आणि माझ्या भिंतींना तर गाद्याही लावलेल्या आहेत.

आम्ही आमचं जुनं गाणं घेतलं, ज्यावर कार्यक्रम संपायचा. त्याची चाल माझीच. तिच्या गळ्यासाठीच बांधली होती, म्हणून शेवटच्या कडव्यात ती थेट वरच्या पंचमावर जाते. मी काळी पाचवर सा दिला. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात वरचा सा आला तेव्हाच आवाज थरथरला, आणि शेवटच्या ओळीत तो तुटला. फाटला नाही, चिरकला नाही. नुसता नव्हताच. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आमचे चहाचे कप विसळायला लागली. दोनच कप होते, पण नळ बराच वेळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी एक काम केलं.

प्रत्येक कीबोर्डवर एक सोय असते. एक बटण दाबलं की सगळा कीबोर्ड एक पायरी खाली सरकतो. बोटं त्याच जागी, आवाज मात्र खालचा. नवशिक्यांना अवघड पट्ट्या वाजवता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय. मुरलेले वादक ती वापरत नाहीत, नावं ठेवतात. मी दोन्ही कीबोर्डांवर ते बटण तीनदा दाबलं. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर वजा तीन आलं आणि दोन क्षणांत निघून गेलं. आता काळी पाचवर बोट ठेवलं की तीन पायऱ्या खालची पांढरी पाच वाजत होती.

ताईला कळणार नाही का, असं मला नंतर एकाने विचारलं. नुसत्या सुरावरून पट्टी ओळखणारा कान फार थोड्यांना असतो. माझा आहे, तिचा नाही. बाकीच्या गाणाऱ्यांना पट्टी गळ्यातून कळते, कुठे ताण येतो, कुठे आवाज डोक्यात जातो, यावरून. आणि तिचा गळा तर आता दुसऱ्याच कुणाचा तरी बसवल्यासारखा झाला होता, तिच्याच शब्दांत. म्हणून ती डोळ्यांनी बघायची. दर वेळी सुरू करायच्या आधी माझ्या बोटांकडे नजर टाकायची. बोट पाचव्या काळ्या पट्टीवर आहे ना, बघायची, आणि मान हलवायची. घरी एकटीने सराव करायला ती धजत नव्हती. त्यामुळे जगात तिची पट्टी कुठे आहे ते ठरवणारं एकच यंत्र होतं, आणि ते माझ्या हाताखाली होतं.

त्या दिवशी ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. आवाज निघाला. ती मटकन खुर्चीत बसली, आणि मग तिने तिथूनच भावजींना फोन लावला आणि अहो, आला, एवढंच तीनदा म्हणाली. मी कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत बसले.

मी काही पाप केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि पुढेही बरेच महिने वाटलं नाही. माझा हिशेब साधा होता. वजा तीनवर तिला धीर येईल, मग गुपचूप वजा दोन, मग वजा एक, आणि कार्यक्रमापर्यंत तिला नकळत खऱ्या जागी आणून सोडायचं. एकदा तसं करूनही पाहिलं. वजा दोनवर तिचा आवाज पुन्हा तुटला आणि आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. मी निमूटपणे परत तीनवर आले आणि तिथेच राहिले. नस गेली ती गेली, असं मी मनाशी धरून चालले. उरलेलं माझं काम म्हणजे तिला ते कळू न देणं.

त्याची शिक्षा मात्र मला रोज मिळत होती. हात एक सांगायचे आणि कान दुसरंच. बोट काळ्या पट्टीवर आणि ऐकू येतंय पांढरीचं, हे ज्याला कान आहे त्याला विचारा. घरी जिना चढताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं दर सुराला व्हायचं. तास-दोन तास वाजवलं की मला मळमळायला लागायचं. ताई म्हणायची, छोटे, तुझं पित्त वाढलंय, रात्रीचं जागरण कमी कर.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच आम्ही सभागृहात पोचलो. भावजी आणि साउंडवाल्याने मिळून खालचा कीबोर्ड स्टेजवर चढवला, वाटेत भावजींनी विमानाच्या पायलटसाठी रस्ता मोकळा करा वगैरे नेहमीचे विनोद केले. मी वायरी जोडल्या, दोन्ही कीबोर्ड चालू केले, दोन्हीवर बटण तीन-तीनदा दाबलं. हा आकडा यंत्र लक्षात ठेवत नाही. बाकी सगळं ठेवतं, कुठल्या गाण्याला कुठला आवाज, किती मोठा, सगळं. पण बंद करून चालू केलं की पट्टी शून्यावर येते. म्हणून ते मी दर वेळी हाताने करायचे.

सभागृह भरलं. ताई निळी साडी नेसून आली, गळ्यावरचा व्रण झाकायला तिने काहीच घातलं नव्हतं. एकामागून एक गाणी होत गेली, सगळी माझ्या वजा तीनमध्ये, आणि लोक खूश होते. आवाज थोडा बदललाय पण गोड आहे, असं पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली ते मला स्टेजवर ऐकू आलं. मला वाटलं, निभावलं.

शेवटच्या गाण्याआधी सजावटवाल्याच्या डोक्यात आलं की धूर सोडावा. त्याने धुराचं मशीन आणलं आणि माझ्याच विजेच्या बोर्डात खुपसलं. फट असा आवाज झाला. माझे दोन्ही कीबोर्ड, तालाचं मशीन, सगळं एका झटक्यात काळं पडलं. माइक दुसऱ्या लाइनवर होता, तो चालू राहिला. ताईने लोकांना सांगितलं की छोटीने जास्तच जोरात वाजवलं बहुतेक. लोक हसले. साउंडवाला धावत आला, त्या माणसाला जे बोलायचं ते बोलला, आणि वीज परत आली.

आता यंत्र चालू होताना एक काळजी घ्यायची असते. पेडलवर पाय ठेवायचा नाही. पाय ठेवलेला असेल तर यंत्राला वाटतं हीच पेडलची मोकळी स्थिती, आणि मग सगळं उलटं चालतं: दाबलं की सूर तुटतो, सोडलं की घुमत राहतो. कितीतरी वादकांची यात फजिती झालेली मी पाहिली आहे. म्हणून मी मुद्दाम दोन्ही पाय मागे खुर्चीखाली घेतले. पियानोचा आवाज आला का बघितलं, व्हायोलिनांचा आला का बघितलं, तालाचं मशीन योग्य गाण्यावर आहे का बघितलं, आवाज किती मोठा ते बघितलं. सगळं ठीक होतं. एवढ्या घाईत आपल्याला पेडलसुद्धा आठवला, म्हणून मी स्वतःवर खूश झाले. साउंडवाल्याने अंगठा दाखवला. मी ताल सुरू केला आणि पहिला झंकार वाजवला.

पहिल्यांदा जे वाटलं ते सुख होतं. खरं सांगते. कितीतरी महिन्यांनी माझे हात आणि माझे कान एक झाले. बोट काळी पाचवर होतं आणि काळी पाच वाजत होती. एक दीर्घ श्वास माझ्या नकळत बाहेर पडला.

आणि मग कळलं, यंत्र शून्यावर आलं होतं, वजा तीन गेलं होतं.

ताई गायला सुरुवात करायला अजून थोडे ठोके होते. मी बटणाकडे हात नेला. पण वाजत्या झंकारात पट्टी खाली घसरवली तर सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल, तिलाही जाईल. थांबवावं, म्हणावं काहीतरी बिघडलंय. तेवढ्यात तिने नेहमीसारखी माझ्या बोटांकडे नजर टाकली. बोट पाचव्या काळ्या पट्टीवर होतं. तिने मान हलवली, समाधानाने, आणि डोळे मिटले. माझा हात बटणावरून परत आला. मी का थांबवलं नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

पहिलं कडवं खालच्या सुरांत आहे. ते तिला सहज गेलं असतं आणि गेलं. पण दुसऱ्या ओळीला तिच्या भुवया जवळ आल्या. तिला काहीतरी जड लागत होतं आणि ते काय ते कळत नव्हतं. दुसरं कडवं आलं. वरचा सा आला. तो लागला, थोडा कापरा, पण लागला. माझे हात वाजवत होते, पण मी वाजवत नव्हते. माझा सगळा जीव तिच्या गळ्यावरच्या त्या रेषेत अडकला होता, जी दिव्यांत चमकत होती आणि वर-खाली होत होती. तालाचं मशीन कुणासाठी थांबत नाही. ते मोजून मोजून आम्हाला शेवटच्या कडव्याकडे ढकलत होतं.

मी देवाला काही मागितलं नाही. मी फक्त म्हणत होते, ताई, टाळ. वळण घे, खालून जा, शब्द बोलून टाक, कुणाला कळणार नाही. तिने टाळलं नाही. तिला टाळायचं कारणच नव्हतं. तिच्या लेखी ही तीच पट्टी होती जी ती महिनोन्महिने माझ्या खोलीत गात आली होती.

तिने श्वास घेतला, आणि गेली.

आधी आवाज इतका बारीक झाला की मला वाटलं, संपलं. त्यात एक खरखर आली, जी तिच्या जुन्या आवाजात कधीच नव्हती. तो डळमळला. तिचा मोकळा हात वर आला आणि हवेत कशाला तरी धरून राहिला. आणि त्या बारीक, खरबरीत आवाजाला पंचम सापडला. सापडल्यावर तो उघडायला लागला. मी आयुष्यभर सिंथेसायझरचं बटण फिरवत जे करत आले ते माझ्यासमोर एका बाईच्या गळ्यात होत होतं, आणि बटण कुणीच फिरवत नव्हतं. आवाज मोठा होत गेला, गोल होत गेला, सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून परत आला, तरी तिचा श्वास संपेना. जुना आवाज सुंदर होता. हा सुंदर नव्हता म्हणा किंवा सुंदरच्या पुढचा होता. मेलेल्या नसेतून सूर कसा येतो मला माहीत नाही. मी तो आलेला ऐकला.

माझे हात थांबले होते, हे मला ओळ संपल्यावर कळलं. मी वाजवायचंच विसरले होते. ती पूर्ण ओळ तिने नुसत्या तालावर गायली होती. पुढचा झंकार मी कसाबसा पकडला आणि गाणं संपवलं. लोक उभे राहिले. एवढ्या माणसांमध्ये आत्ता काय घडलं ते फक्त मला माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचं ओझं मला एकटीला उचलवत नव्हतं. साउंडवाला नंतर येऊन म्हणाला, शेवटी वाद्यं काढून घेतलीत ना, ती आयडिया भारी होती. मी थँक्यू म्हटलं.

ताई पडद्यामागे एका रिकाम्या खोक्यावर बसली होती. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळलेला असेल. तो पांढराफटक पडला होता. भावजींनी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही.

"उतरला," ती म्हणाली. "परवापर्यंत सहज जात होते. आज ओढावं लागलं, प्रत्येक सूर ओढावा लागला. उतरत चाललाय आवाज."

भावजी म्हणाले, लोक उभे राहिले होते. ती म्हणाली, लोक दयेनेही उभे राहतात. मग गाडीत बसल्यावर तिने शांतपणे सांगितलं की पुढचे दोन कार्यक्रम आहेत त्यांना नको म्हणून कळवा, आणि छोटे, तुझ्याकडचा माइक कुणा होतकरू मुलीला दे. रडली नाही, आवाज चढवला नाही. ताईने एकदा ठरवलं की ती अशीच बोलते. मी मागच्या सीटवर दोन कीबोर्डांच्या पेट्यांमध्ये अंग चोरून बसले होते.

माझी अडचण अशी होती. ती जिंकली होती आणि तिला वाटत होतं की ती हरली. ती जिंकलीय हे सांगायचं, तर इतके महिने मी तिला काय ऐकवत होते ते सांगावं लागणार होतं. न सांगावं, तर ती गाणं सोडणार. तिला खोटं सांगून गाती ठेवली होती, आणि आता त्याच खोट्यापायी ती गप्प होणार होती.

सकाळी मी फोन करून तिला बोलावलं. कपाटाच्या दारावरून माइक काढून न्यायला ये म्हटलं, नाहीतर ती आली नसती. ती आली तेव्हा ऊन खिडकीतून सरळ कीबोर्डवर पडलं होतं. मी तिला बसू दिलं आणि साउंडवाल्याने दिलेलं रेकॉर्डिंग लावलं, शेवटचं गाणं. ती म्हणाली, बंद कर. मी म्हटलं, ऐकू नकोस हवं तर, फक्त पट्टी शोधून दे.

"मला परीक्षा घ्यायला बोलावलंस?"

"शोध तर."

माझ्याकडे रागाने बघत तिने बोट पाचव्या काळ्या पट्टीवर ठेवलं. रेकॉर्डिंगमधला सा आणि बोटाखालचा सा एकमेकांत मिसळून गेले. मग काय, असं तिने नजरेने विचारलं.

मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं. गेल्या आठवड्यातलं, याच खोलीतलं, जे ती सहज गायली होती ते. तिने न बघता पुन्हा काळी पाच दाबली. दोन सूर एकमेकांवर आदळले. तिने दचकून हात काढला, पुन्हा दाबली. तेच. तिचं बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर आलं. नाही जुळलं. मग त्याच्या खालच्या काळीवर. तिथेही नाही. मग आणखी एक खाली, पांढरी पाचवर. तिथे सूर मिसळला. ताई ती पट्टी दाबून धरून बसली, रेकॉर्डिंग संपेपर्यंत.

"कसं केलंस?" तिने विचारलं.

मी बटण दाखवलं. तिने कधीपासून विचारलं, मी पहिल्यापासून म्हटलं. काल वीज गेली आणि परत आल्यावर मी बटण दाबायला विसरले, हेही सांगितलं. वजा दोनची गोष्टही सांगितली, जरा जोरातच, कारण मला स्वतःचा बचाव करायचा होता. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. ती कीबोर्डकडे बघत होती, पांढरी पाचपासून काळी पाचपर्यंतच्या त्या जेमतेम चार बोटं जागेकडे.

"म्हणजे काल मी पोचले," ती सावकाश म्हणाली.

मी मान हलवली. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा मला राग येत होता.

"आणि तू मला इतके दिवस पोचू देत नव्हतीस."

तुझा आवाज तुटला होता, मी ऐकला होता, असं म्हणता आलं असतं. पण तो केव्हातरी जुळून आला होता, आणि ते मला ऐकू आलं नव्हतं, कारण मी तिला तिथवर नेऊन पाहिलंच नव्हतं. सुरावरून पट्टी ओळखणारा कान म्हणे. माझी आठ्या घातलेली, ताठ कण्याची, अतिशहाणी ताई माझ्यासमोर बसली होती आणि माझ्याच यंत्राच्या खाली मी तिला दाबून ठेवली होती, प्रेमाने. मी तेवढं म्हटलं, चुकलं.

ती उठली, कपाटाच्या दारावरून माइक काढला. मला वाटलं निघाली. तिने तो माइक वायरीला जोडला, हे काम तिने आजवर कधी स्वतः केलं नव्हतं, उलटा घालून पाहिला, मग नीट घातला. मग माझ्या खांद्यावरून वाकली आणि त्या बटणाच्या शेजारचं, वर नेणारं बटण एकदा दाबलं. दुसऱ्या कीबोर्डवरही दाबलं. पडद्यावर एक आला.

"वाजव," ती म्हणाली.

मी म्हटलं, ताई, अगं, काल एवढा ताण पडलाय, डॉक्टरांना विचारू, आणि काळी पाचच्या वर तर तू ऑपरेशनच्या आधीही कधी...

"छोटे, वाजव."

मी वाजवायला लागले. बोट काळ्या पट्टीवर, आवाज तिच्या वरचा. पुन्हा तीच मळमळ, फक्त उलट्या दिशेची. तिने या वेळी माझ्या बोटांकडे पाहिलं नाही. शेवटच्या ओळीत ती चढली आणि वरच्या सुराला तिचा आवाज चिरकला, चांगला खणखणीत, शेजारच्या बाईंना ऐकू जाईल असा. मी घाबरून हात उचलले. तिने डोळे न उघडता हाताने खूण केली, थांबू नकोस म्हणून, श्वास घेतला, आणि तीच ओळ पुन्हा धरली.